न मोजताच फाइलवर आकडा लिहिणारा इंटर्न

प्रश्न : मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. जवळच्या कॉलेजचे इंटर्न आमच्याकडे महिन्या-महिन्याच्या पोस्टिंगला येतात. त्यांच्याकडे बघायचं काम माझ्याकडे आहे. यावेळच्या बॅचमधल्या एका मुलाने मला जेरीस आणलंय. ओपीडी नऊला सुरू होते, हा पावणेदहाला उगवतो. पेशंटला मशीन लावून मोबाइल घेऊन बसतो. एका बाईंनी सांगितलं की कमरेला शेक देताना त्याने पडदासुद्धा ओढला नव्हता. मागच्या आठवड्यात, गुडघा बदलून तीनच दिवस झालेल्या एका काकूंच्या फाइलवर त्याने 'फ्लेक्शन ८५ अंश', म्हणजे गुडघा ८५ अंश वाकतो, असं लिहिलं. मी मोजलं तर जेमतेम ६० भरले. काकू म्हणाल्या, "ते दादा दारातूनच विचारून गेले, वाकतोय ना म्हणून." मी ओपीडीत सगळ्यांसमोर त्याला झापलं, तर म्हणतो, "मॅडम, एवढं काय त्यात, उद्या होतीलच की ८५." परवा कळलं की पॅरालिसिसच्या एका आजोबांना चालवतानाचा व्हिडिओ त्याने इन्स्टाग्रामच्या स्टोरीला टाकलाय, आजोबांचा चेहरा स्वच्छ दिसतोय. कॉलेजच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "थोडेच दिवस राहिलेत, सांभाळून घ्या." त्याचे काका गावातले मोठे सर्जन आहेत, आमच्याकडे पेशंट पाठवतात. बाकीचे इंटर्न मला खडूस म्हणतात हेही कानावर आलंय. तक्रार करावी तर एका पोराचं करिअर बिघडवल्याचं पाप नको वाटतं. गप्प बसावं तर झोप लागत नाही. काय करू?
— एक फिजिओथेरपिस्ट, सातारा जिल्हा

उत्तर :

नमस्कार.

सगळ्यात आधी त्या काकूंचा गुडघा बघू, मुलाचं नंतर.

तुम्ही ६० मोजलेत, पण फाइलवरचे ८५ दुरुस्त केलेत का, हे पत्रात कुठे नाही. केले नसतील तर आजच करा. खाडाखोड करू नका, आकड्यावर आकडा गिरवू नका, व्हाइटनर तर नकोच. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तुमची मोजणी, मोजल्याची तारीख आणि वेळ, आज दुरुस्ती केल्याची तारीख, आणि सही. मग ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना स्वतः सांगा की त्या दिवसाची नोंद चुकीची होती, खरे ६० होते, आणि आज इतके आहेत. काकू घरी गेल्या असतील तर फोन करून तपासणीला बोलवा.

तिसऱ्या दिवशी ६० अंश यात लाजण्यासारखं काही नाही. सूज असते, दुखत असतं, पेशंट घाबरलेला असतो. पण ६० लिहिलेले असतील तर राउंडला सर्जन थांबतात, काकूंना विचारतात, दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास द्यायला सांगतात, बर्फाचा शेक वाढवतात, तुम्ही दिवसातून आणखी एकदा जाता. ८५ लिहिलेले असतील तर "छान" म्हणून पुढच्या बेडकडे जातात. खुर्चीतून हात न टेकता उठायला किंवा जिना चढायला गुडघा साधारण ९०च्या आसपास वाकावा लागतो. कडकपणा वेळेत लक्षात आला तर व्यायामाने सुटतो. राहिला, तर भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायची वेळ येते, आणि तेही पहिल्या काही आठवड्यांत केलं तरच चांगला उपयोग होतो. खोट्या आकड्यामुळे नेमके हेच आठवडे हातचे जातात.

आणि मोजायला गेलेला माणूस फक्त मोजत नसतो. चादर बाजूला होते. ड्रेसिंग ओलं आहे का ते दिसतं. पोटरी ताठ, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर रक्ताच्या गुठळीची शंका येते आणि लगेच कळवता येतं. पाय सरळ ठेवून उचलता येतो का, टाच टेकवून गुडघ्यामागचा भाग गादीला लागतो का, हे बघून होतं. त्या सकाळी काकूंच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही, आणि फाइल मात्र सांगत राहिली की फिजिओ होऊन गेलं. म्हणून माझ्या लेखी या मुलाच्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत गंभीर आहे. उशिरा येण्यापेक्षा, उलट बोलण्यापेक्षा, अगदी त्या व्हिडिओपेक्षाही.

तुम्ही पत्रात या सगळ्या गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत. ओपीडीत त्याला बोलतानाही तसंच झालं असणार. असं सगळं एकत्र ओतलं की ऐकणारा त्यातलं सर्वांत हलकं उचलतो आणि त्यावर वाद घालत बसतो. शिवाय समोर पेशंट होते. त्यांच्यापैकी कुणाला तरी तो दहा मिनिटांनी हात लावणार होता. ते बोलणं तिथे व्हायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा राग रास्त होता, जागा चुकली. पुढच्या वेळी, पेशंटला त्या क्षणी इजा होणार असेल तरच जागेवर थांबवा. तेही "थांब, हे मी करते" एवढ्याच शब्दांत. बाकीचं त्याच दिवशी, पण बाजूला घेऊन.

आता त्याला परत बसवा. तुमच्या केबिनमध्ये, दार अर्धं उघडं, हाताशी वीस मिनिटं, मोबाइल दोघांचेही सायलेंट. टेबलावर दोनच गोष्टी ठेवा, फाइल आणि गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन. उशिरा येण्याचा विषय काढू नका, व्हिडिओचाही नको. सुरुवात अशी करता येईल :

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. आता फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलूया. तू ८५ लिहिलंस, मी त्याच दिवशी ६० मोजले. ८५ कुठून आले, ते मला सांग."

आणि गप्प बसा. हे सर्वांत अवघड आहे. आपण सीनियर लोक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तरही आपणच देऊन टाकतो. तो "अंदाजे" म्हणेल, "काल ८० होते म्हणून" म्हणेल, कदाचित खांदे उडवेल. काहीही म्हणाला तरी पुढचं वाक्य एकच : "ठीक आहे. आता माझ्या गुडघ्यावर मोजून दाखव."

हे मी मुद्दाम सुचवतेय. गोनिओमीटरचा मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी वर खुब्याच्या हाडाच्या दिशेने, दुसरी खाली बाहेरच्या घोट्याच्या दिशेने. परीक्षेत हे धडाधड सांगणारी किती तरी मुलं सुजलेल्या, ड्रेसिंग केलेल्या गुडघ्यावर तो उंचवटा चाचपून शोधू शकत नाहीत. विचारायची लाज वाटते. बाई कण्हायला लागल्या की हात मागे घेतात. मग शोधण्यापेक्षा लिहिणं सोपं. तुमचा इंटर्न त्यातला असेल, तर त्याला शिकवायला हवं, आणि एक आठवडा त्याची प्रत्येक मोजणी तुम्ही शेजारी उभं राहून तपासायला हवी. पण व्यवस्थित मोजता येत असूनही तो दारातून परत गेला असेल, तर तो पेशंटला आणि तुम्हाला फसवत होता. या दोन मुलांना एकच औषध लागू पडत नाही. झापून यातला फरक कळत नाही, मोजायला लावून कळतो.

त्याच बैठकीत एक प्रश्न आपुलकीनेही विचारा : "सध्या तुझं चाललंय काय?" बऱ्याच खासगी कॉलेजांत इंटर्नला स्टायपेंड नाममात्र मिळतो, काही ठिकाणी तोही नाही. खोलीचं भाडं भरायला मुलं संध्याकाळी जिममध्ये नाहीतर कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये राबतात, रात्री एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पुढच्या पदवीच्या, प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतात. काही जण एमबीबीएस हुकलं म्हणून आलेले असतात आणि चार वर्षांनंतरही मन रमलेलं नसतं. घरचे "मसाज शिकतोय" म्हणतात ते वेगळंच. सर्जन काकांच्या घरात हे बोलणं किती वेळा ऐकावं लागत असेल, कुणास ठाऊक. त्याचं कारण समजून घ्या. ड्यूटीची वेळ बदलून देता येत असेल तर द्या. पण खोट्या नोंदीला यातलं कुठलंच कारण चालत नाही, हेही त्याच दमात, आवाज न चढवता सांगा.

तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे. शेक देताना पडदा ओढला नव्हता. मी तिथे बराच वेळ थांबले.

कमरेच्या शेकासाठी बाईंना पालथं झोपवलेलं असतं, साडी किंवा सलवार थोडी खाली केलेली असते, आणि बाजूने माणसं येत-जात असतात. कदाचित हा निव्वळ निष्काळजीपणा असेल. पण त्या बाईंनी मुद्दाम तुमच्यापर्यंत येऊन सांगितलं, म्हणजे त्यांना ते लागलं होतं. त्यांच्याशी आधी एकटीने बोला, आणि प्रश्न उघडा ठेवा : "त्या दिवशी तुम्हाला काय काय खटकलं?" फक्त पडदाच होता, तर ते शिकवण्याचं काम आहे. हात लावण्याआधी कुठे आणि कशासाठी लावणार ते सांगायचं, हवा तेवढाच भाग उघडा करायचा आणि बाकी चादरीने झाकायचा, बाई पेशंट असतील तर "सोबत कुणी थांबायला हवंय का, की मॅडमना बोलावू?" असं विचारायचं. हे त्याला एकदा करून दाखवा आणि पुढच्या पेशंटला त्याच्याकडून करून घ्या. पण त्या बाईंच्या बोलण्यात स्पर्शाबद्दल किंवा शेरेबाजीबद्दल काही आलं, तर समजावणं, संधी देणं हे सगळं तिथेच संपतं. त्याच तासाला त्याला पेशंटपासून दूर करा आणि हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असायलाच हवी असं नाही, पेशंटसुद्धा तक्रार करू शकते. ती करायची की नाही हे त्या बाई ठरवतील. त्यांना ही माहिती देणं आणि सोबत उभं राहणं तुमचं काम.

व्हिडिओ. तो आजच्या आज काढायला लावा, स्टोरी चोवीस तासांत आपोआप गेली असली तरी हायलाइटमध्ये, फोनमध्ये, मित्रांच्या ग्रुपवर राहिलाय का ते विचारा आणि तुमच्यासमोर डिलीट करायला सांगा. आजोबांनी उपचाराला संमती दिली होती, जगाला दाखवायला नाही. आजोबांच्या घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा आणि त्या मुलाला सोबत न्या, माफी त्याने मागायची. हॉस्पिटलच्या प्रशासनालाही कळू द्या, कारण उद्या घरच्यांनी विचारलं तर उत्तर त्यांना द्यायचंय.

पण मला त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट बघायची आहे, आणि तीच तुम्ही त्याच्याबरोबर बसून बघा. डिलीट करायच्या आधी. फोन कुणाच्या हातात होता? पॅरालिसिसच्या पेशंटला चालवताना आपण त्याच्या लुळ्या बाजूला, जरा मागे उभे राहतो. एक हात कमरेच्या पट्ट्यावर, दुसरा गुडघा दुमडला तर लगेच आधार द्यायला मोकळा. खांदा आधीच सैल असतो, म्हणून दंडाला धरून ओढायचं नाही. यातला एक हात फोन धरण्यात गेला असेल तर आजोबा त्या क्षणी कुणाच्या भरवशावर चालत होते? गोपनीयतेवर तासभर बोललात तर तो माना डोलावेल. हा प्रश्न विचारलात, तर तो फिजिओथेरपिस्ट म्हणून विचार करेल.

उशिरा येणं आणि मोबाइल, हे विषय छोटे आहेत, ते छोटेच ठेवा. नऊ म्हणजे नऊ, उशीर झाला तर हजेरीवर खरी वेळ. मोबाइल लॉकरमध्ये, व्यायामाची वेळ लावायला भिंतीवर घड्याळ. मशीन लावलं की पेशंटजवळ थांबायचं, पाच मिनिटांनी त्वचा बघायची. हॉट पॅकने भाजलेले मधुमेही पेशंट तुम्हीही पाहिले असतील, त्यांना पायाला चटका बसलेला कळतच नाही. हे नियम एकट्या त्यालाच न सांगता सगळ्या इंटर्नना सांगा, आणि पुढच्या बॅचला पहिल्या सकाळीच. खडूस म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. सगळ्यांना एकच नियम आहे हे दिसलं की त्यातले निम्मे आपोआप गप्प होतात.

आता लिहिण्याचं. सरांना तुम्ही फोन केलात, म्हणून ते "सांभाळून घ्या" म्हणू शकले. मेल करा. त्यात 'उद्धट', 'बेजबाबदार', 'आजकालची मुलं' असलं काही नको. फक्त असं : "अमुक तारखेला बेड क्रमांक अमुकच्या फाइलवर फ्लेक्शन ८५ अंश अशी नोंद. त्याच दिवशी माझी मोजणी ६० अंश. पेशंटच्या सांगण्यानुसार त्या दिवशी मोजणी झालेली नव्हती. अमुक तारखेला संबंधित इंटर्नशी बोलले, त्याचं म्हणणं असं." व्हिडिओचंही असंच चार ओळींत. पेशंटचं नाव मेलमध्ये घालू नका. शेवटी काय हवंय ते मागा : कॉलेजच्या समन्वयकांनी येऊन तिघांची बैठक घ्यावी, दोन आठवड्यांत त्याने काय काय करून दाखवायचं ते लेखी ठरावं, आणि ते झालं नाही तर पोस्टिंग वाढवावं. प्रत हॉस्पिटलच्या अधीक्षकांना. तो मेल पाठवायच्या आधी त्या मुलाला वाचून दाखवा. पाठीमागे तक्रार केली असं त्याला म्हणता येऊ नये, आणि काही चुकीचं असेल तर त्याला सांगता यावं.

त्याचे काका. त्यांच्याशी तुम्ही याबद्दल एक शब्दही बोलू नका, गोडीत नाही, तक्रारीच्या सुरातही नाही. त्यांचा यात अधिकार नाही. त्यांच्याकडून फोन आला तर "सर, कॉलेजशी बोलणं चालू आहे" इतकंच. पेशंट बंद होतील ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. म्हणूनच अधीक्षकांना आधीच, कागद हातात घेऊन, सगळं माहीत असायला हवं. त्यांना काकांच्या तोंडून कळलं तर तुम्ही एकट्या पडाल. आणि एक शक्यता ध्यानात असू द्या. सर्जन माणसाला गुडघ्याच्या खोट्या आकड्याचं गांभीर्य कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या पापाबद्दल. साडेचार वर्षांच्या कोर्समधले हे शेवटचे सहा महिने आहेत. इथे अजून त्याच्या मागे तुम्ही आहात, मोजणी पुन्हा करून बघणारं कुणीतरी आहे. ही इंटर्नशिप संपली की राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी होईल, दारावर पाटी लागेल, तो होम व्हिजिटला जाईल. तिथे बंद खोलीत तो, एक आजारी माणूस आणि त्याने लिहिलेला आकडा, एवढंच असेल. त्या आधी कुणीतरी त्याला थांबवून शिकवलं, यात करिअर बिघडण्यासारखं काही नाही. वाढलेला एक महिना त्याला पाच वर्षांनी आठवणारही नाही. आणि चूक दुरुस्त करायची संधी त्याला मनापासून द्या : बैठकीनंतर गुडघ्याचाच पेशंट त्याच्याकडे द्या, कोपऱ्यात बसवून हजेरीची कामं करायला लावू नका. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत. बरोबर मोजलं, ४८ असेल तर ४८ लिहिलं आणि "मॅडम, कमी आहे, सर्जनना सांगू का?" असं विचारत आला, तर त्याच्याबद्दलचं माझं आधीचं सगळं मत मी मागे घेईन. तुम्हीही घ्या, आणि तसं त्याला सांगा.

नाही सुधारला, पुन्हा एक जरी नोंद खोटी निघाली, तर पेशंटला हात लावणं बंद, फक्त बघायचं, आणि त्याच दिवशी कॉलेजला दुसरा मेल. महिनाअखेरीस त्याचं लॉगबुक, म्हणजे त्याने केलेल्या कामाची वही, सहीसाठी तुमच्यासमोर येईल. तोपर्यंत तो गोड बोलायला लागलेला असेल, सरांचाही फोन येऊन गेला असेल. जे त्याने तुमच्या डोळ्यांसमोर केलं त्याच ओळींपुढे सही करा. बाकीच्या कोऱ्या सोडा, आणि शेऱ्यात तारखांसह लिहा की त्या का कोऱ्या आहेत.